अठराला बावीस वर्षं, छप्पनला पाच

गाडी शिकायचं वय कोणतं, यावर आपल्या घराघरांत जवळजवळ एकमत आहे. जितकं लवकर तितकं बरं. चौदा-पंधराव्या वर्षी सोसायटीच्या आवारात स्कूटर फिरवणाऱ्या मुलाबद्दल वडील शेजाऱ्यांना कौतुकानं सांगतात, "याला कुणी शिकवलंच नाही हो, आपोआप आली." त्याच घरातल्या आईनं पन्नाशीत मोटारीचा क्लास लावायचं काढलं की हेच वडील विचारतात, "आता कुठं जायचंय तुला गाडी घेऊन?" आणि आजोबांची सत्तरी उलटली की एखाद्या दिवशी खुंटीवरची किल्ली गुपचूप जागा बदलते. तिन्ही निकाल माणसाचं वय पाहून दिलेले असतात, आणि माझ्या मते तिन्ही चुकीचे आहेत.

समोरच्यांचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. तोल सांभाळणं, क्लच सोडता सोडता रेस देणं, हे कोवळ्या वयात चटकन अंगात भिनतं. पोराला जे चार दिवसांत जमतं, त्यासाठी पन्नाशीतल्या माणसाची गाडी तीन आठवडे चढावर बंद पडते. वयाबरोबर मान वळायला वेळ लागतो, ब्रेकवर पाय उशिरा पोचतो, रात्री समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्यांनी डोळे जास्त दिपतात. हे सगळं खरं आहे.

पण त्यातून सिद्ध काय होतं? तरुण माणूस गाडी हलवायला लवकर शिकतो, एवढंच. चालवणं त्याच्या पुढचं. थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या पुढून कुणीतरी रस्त्यात येणार, उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा नसणार, पुढच्या रिक्षावाल्याला डावीकडचं गिऱ्हाईक दिसलंय आणि तो हात न दाखवता वळणार, हे आधी ओळखावं लागतं. ही ओळख हाताच्या चपळाईतून येत नाही. परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने तरुण चालकासाठी सर्वांत धोक्याचे असतात, हा जगभरचा अनुभव आहे. आपल्याकडचं पाहायचं तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती आणि सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खाती जमा होते. हा वयोगट रस्त्यावर असतोच जास्त, तेव्हा नुसत्या या आकड्यावरून तरुणांवर ठपका ठेवणं अन्यायाचं ठरेल. मात्र वेगात गाडी मारायला हात चांगलाच बसलेला लागतो, हे विसरू नये.

आता कायद्याकडे वळू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स थेट चाळिशीपर्यंत चालतं. म्हणजे अठराव्या वर्षी काढलं की बावीस वर्षं कुणी विचारणार नाही. पंचावन्न ओलांडलेल्याला मात्र पाच वर्षांचंच मिळतं, आणि चाळिशीनंतर अर्ज करणाऱ्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. त्याआधी 'फॉर्म एक' नावाचं स्वयंघोषणापत्र पुरतं. पंचवीस मीटरवरून भर उजेडात गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, असा त्यात प्रश्न असतो आणि अर्जदारानं स्वतःच 'हो' म्हणायचं असतं. मोबाइलमध्ये डोळे घालून वाढलेल्या, दर दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर बदलणाऱ्या पिढीच्या या 'हो'वर सरकारचा बावीस वर्षं विश्वास! ज्या चालकाबद्दल सर्वांत कमी माहिती आहे, त्यालाच सर्वांत लांब मुदत.

सोळाव्या वर्षाची कथा आणखी मजेशीर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सोळा पूर्ण झालेल्यांना पालकांच्या संमतीनं ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवायची मुभा दिली. तेव्हा त्याला अर्थ होता, कारण १९७२ पासून रस्त्यावर आलेली पन्नास सीसीची लूना घरोघरी होती. आज शोरूममध्ये बिनगिअरची पेट्रोल स्कूटर मागितली तर ११० किंवा १२५ सीसीची समोर येते. कलम राहिलं, गाडी गेली. दुसऱ्या टोकाला, २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या विजेच्या दुचाकीला लायसन्सच लागत नाही. म्हणजे आधी काहीच नियम नाही, मग बाजारात न मिळणाऱ्या गाडीचं लायसन्स, आणि अठराव्या वाढदिवशी एकदम बुलेटपासून पोर्शपर्यंत सगळं खुलं.

पोर्शचं नाव आलंच आहे तर तेही बोलू. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अशा मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळानं जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि सगळा महाराष्ट्र संतापला. संताप योग्यच होता, पण तो 'बड्या बापाची पोरं' एवढ्यावर थांबला. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, हे कलम काही पोर्शसाठी वेगळं लिहिलेलं नाही. क्लासला उशीर होतोय म्हणून नववीतल्या मुलीला स्कूटरची किल्ली देणारा मध्यमवर्गीय बापही त्याच कलमात बसतो. त्या आठवड्यात निबंधाची थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या घरची किल्ली उचलून ठेवली असेल, मला शंका आहे.

इथे गावाकडचा माणूस विचारील की आमच्या पोरांनी काय करायचं? ज्युनिअर कॉलेज बारा किलोमीटरवर, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही आली तर. लवकर गाडी द्या म्हणणाऱ्यांचा हाच मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि 'कायदा म्हणजे कायदा' हे त्यावरचं उत्तर नव्हे. म्हणूनच ते सोळाचं कलम मोडीत काढू नये, जिवंत करावं. पन्नास सीसीच्या जागी ठरावीक ताकदीची आणि वेगाची, मीटर असलेली विजेची स्कूटर घाला. खरी चाचणी घ्या. पहिलं वर्ष फक्त दिवसा, मागं कुणाला न बसवता. न्यूझीलंडनं १९८७ साली अशी टप्प्याटप्प्याची पद्धत आणली. तिथं मधल्या टप्प्यातल्या चालकाला रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी चालवता येत नाही आणि सोबत अनुभवी चालक नसेल तर मित्रमंडळी बसवता येत नाहीत. आपण एका वाढदिवसाला सगळं देऊन टाकतो.

आता त्या पन्नाशीतल्या बाईकडे येऊ. पुण्यात किंवा नाशकात ती बहुधा पंचवीस-तीस वर्षं दुचाकी चालवत आलेली असते. आधी लूना, मग स्कूटी. पुढं भाजीची पिशवी, मागं शाळेचं मूल, आजूबाजूला बस, रिक्षा आणि खड्डे. चारचाकीतल्या कितीतरी नवशिक्या तरुणांपेक्षा वाहतूक तिला जास्त कळते. तिला येत नसतो तो क्लच. आणि २०१४ साली मारुतीनं सेलेरिओमध्ये एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, आणल्यापासून छोट्या गाडीतही क्लच दाबायची सक्ती उरलेली नाही. हात वळण्याच्या वयाचा सगळा सिद्धांत ज्या एका पेडलवर उभा होता, ते पेडलच गेलं. सिद्धांत मात्र अजून जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून आहे.

"ती घाबरते," असं म्हणतात. घाबरते, खरंच. भीतीनं आरशात दोनदा बघते, सिग्नल पिवळा झाला की थांबते, आणि मागचा हॉर्न वाजवत बसतो. भीती फार झाली की तीही घातक, हे मान्य. द्रुतगती मार्गावर मधल्या लेनमधून ताशी तीसनं जाणारी मोटार कुणालाच नको असते. पण ती भीती टिकते कशामुळे, ते पाहावं. क्लास संपतो, लायसन्स येतं, आणि गाडी नवऱ्याकडे किंवा मुलाकडे जाते. रविवारी तिला दिलीच, तर शेजारी बसलेला माणूस प्रत्येक वळणाला दचकून हँडब्रेककडे हात नेतो. दोन महिन्यांत लायसन्स कपाटात, आणि वर "बायकांना जमतच नाही" हा शेरा. सराव द्यायचा नाही आणि सराव नाही म्हणून नापास करायचं, असा हा व्यवहार आहे. मग मुलं परदेशी गेल्यावर रात्री अकराला सासऱ्यांना दवाखान्यात न्यायची वेळ येते, किंवा न्यू जर्सीतल्या लेकीकडे सहा महिने राहताना दुधाच्या पिशवीसाठीही जावयाची वाट पाहावी लागते, तेव्हा 'कुठं जायचंय तुला' या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

वृद्धांबद्दल थोडक्यात. आपल्या कायद्यात वरची वयोमर्यादा नाही, आणि ती नसावीच. पाहायचं ते डोळे, मान आणि भान. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी नूतनीकरण असतं. जपानमध्ये पंच्याहत्तरीनंतर स्मरणशक्ती आणि आकलन तपासतात. आपल्याकडे कागदावर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे, पण एजंटनं फाइलबरोबरच आणून दिलेल्या प्रमाणपत्राखालच्या डॉक्टरांनी अर्जदाराला पाहिलेलंही नसतं, हे ठाऊक नसलेला माणूस दाखवा. वय आडवं येत नाही, तपासणी होत नाही, ही अडचण आहे.

तेव्हा वय बाजूला ठेवून तास मोजावेत. नियमानुसार मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये किमान एकवीस दिवस आणि दहा तास प्रत्यक्ष गाडी चालवायला मिळाली पाहिजे. गाडीत तीन शिकाऊ, पाळीपाळीनं स्टिअरिंग, आणि शिक्षकाच्या पायाखाली दुसरा क्लच-ब्रेक. त्यात खरे किती तास पडतात, ते शिकलेल्यांना विचारा. २०२१ मध्ये केंद्रानं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या मोटारीचा २९ तासांचा अभ्यासक्रम आणला. पाऊल योग्य आहे. मात्र तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट आहे, ती मला पटत नाही. शिकवणाऱ्यानंच पास करायचं म्हटल्यावर फी भरलेल्याला नापास कोण करील? केंद्रं हवीतच, तालुक्याला एक हवं. पण परीक्षक त्या केंद्राच्या पगारावर नसावा. आणि परीक्षेत ट्रॅकवरच्या वळणांबरोबर निदान वीस मिनिटं अंधारात, वाहत्या रस्त्यावर गाडी चालवायला लावावी, मग स्टिअरिंगमागं अठराचा मुलगा असो की छप्पनची बाई.