काटा काढला, लाल दिवा ठेवला

सलग सुट्ट्या आल्या की पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. चढ, कोंडी, पहिल्या गिअरमध्ये सरकणारी रांग आणि चालू एसी. इंजिन तापत जातं आणि चालकाला ते कळतं लाल दिवा लागल्यावर किंवा वाफ दिसल्यावर. कारण पुष्कळ नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच उरलेला नाही. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल. मधलं काहीच दिसत नाही.

आणि मधलंच तर महत्त्वाचं असतं! कुलंट साधारण ९० अंशांच्या आसपास राहतं. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब टिकतो, म्हणून ते शंभरच्या पुढे गेलं तरी लगेच उकळत नाही. ९५, १००, १०५ असा आकडा चढताना दिसला, तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. लाल दिव्यानंतरही गाडी रेटली, तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि हेड उतरवून फेसिंग करण्याची पाळी येते.

म्हणून काटा नसलेली, वॉरंटी संपलेली गाडी घेऊन वारंवार घाट चढणाऱ्याने बाहेरून मीटर बसवावाच. रेडिएटरचा वरचा होस कापून मध्ये अ‍ॅडाप्टर घालतात आणि त्यात सेन्सर बसवतात. होस रबरी असल्याने एका वायरचा सेन्सर असेल तर अ‍ॅडाप्टरला वेगळी अर्थिंगची वायर द्यावी लागते. ती विसरली तर मीटर चुकीचं दाखवतो. फ्यूजशिवाय जोडणी नको. काम थंड इंजिनावरच व्हावं आणि नंतर कुलंट भरून आतली हवा काढावी.

एक धोका मात्र मेकॅनिकने सांगायलाच हवा. कुलंट गळून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना मीटर कमी आकडा दाखवू शकतो. आकडा अचानक पडला तरी गाडी थांबवावी.

वॉरंटीतल्या गाडीचा होस कापू नये. त्याऐवजी स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या सॉकेटला, छोटा डिस्प्ले लावला की तापमान दिसतं.

म्हणजे हा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरकडे आधीपासूनच असतो. त्यावरून तो रेडिएटरचा पंखा चालवतो. मोठाले स्क्रीन देणाऱ्या कंपन्यांनी हा आकडा चालकाला दाखवलाच पाहिजे, आणि नवी गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्येच तो मागावा.