हरणाचे औषध गोठ्यात आहे

दिवाळीच्या अंकात कोणी रोगराईचा विषय काढावा, हे पुष्कळांना अप्रशस्त वाटेल. फराळाचे ताट पुढे असताना माशा आणि चिलटे यांची नावे घेऊ नयेत, हा शिष्टाचार मलाही ठाऊक आहे. परंतु आपली दिवाळी मुळात उजाडते ती वसुबारसेला, गाय-वासराच्या पूजेने. आणि आमच्या झाडीपट्टीत तर गायगोधनाच्या दिवशी शिंगे रंगवलेली गुरे गावातून मिरवल्याशिवाय दिवाळी झाली असे कोणी म्हणत नाही. ज्या सणाचा आरंभ गोठ्यात होतो, त्या सणाच्या अंकात गोठ्याविषयी चार शब्द लिहिले तर वाचक मला क्षमा करतील. शब्द गोठ्याविषयी असले, तरी ते लिहायचे आहेत हरणांकरिता.

ताडोबा पाहून आलेल्या माणसाला तुम्ही काय विचारता? "वाघ दिसला का?" तो दिसला असेल तर पाहुणा तासभर बोलतो. न दिसला तर म्हणतो, "छे हो, नुसती हरणेच!" या 'नुसती' शब्दात आपले सारे अरण्यशास्त्र सामावलेले आहे. १९५५ साली ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला, आणि या सबंध काळात चितळ, सांबर, भेकर ही मंडळी वाघाच्या जेवणाच्या यादीपलीकडे आपल्या लक्षात आली नाहीत. वाघ मेला की पंचनामा, शवविच्छेदन, नमुने, चित्रण, वर्तमानपत्रात चौकट. चितळ मेले की गिधाड नसेल तर कावळा. ते कशाने मेले, हे विचारायला कोणी जात नाही. आणि जो विचारत नाही त्याला साथ कधी आली आणि कधी गेली, हे कळणार तरी कसे?

साथ येते, हे मात्र खरे. २०१९ साली ओडिशात गुरांचा एक नवा रोग आपल्या देशात प्रथम उतरला. अंगावर गाठी येतात, ताप चढतो, गाय दूध तोडते, बैल जुवाखाली उभा राहत नाही. सरकारी भाषेत त्याचे नाव 'लम्पी चर्मरोग'. महाराष्ट्रात तो प्रथम कोठे दिसला? मुंबईच्या तबेल्यात नव्हे, पुण्याच्या दूधसंघात नव्हे. २०२० साली तो दिसला गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात. त्याच सिरोंचा वनविभागात कोलामार्काचे रान आहे, जेथे महाराष्ट्रातल्या मोजक्याच उरलेल्या रानम्हशी पाणी पितात. गावच्या गाईला गाठी आल्या त्या दिवशी त्या म्हशींच्या आणि रोगाच्या मध्ये काय उभे होते? कुंपण नव्हते, डॉक्टर नव्हता; होते फक्त दैव.

हा रोग पसरवण्याचे काम मुख्यतः चावऱ्या माशा, डास आणि गोचीड करतात. गोठ्यातल्या माशीला अभयारण्याची हद्द दाखवणारा फलक वाचता येत नाही. राजस्थानात २०२२ साली या रोगाने हजारो गाई मेल्या, आणि पुढे तेथल्या मोकळ्या रानातल्या चिंकाऱ्यांच्या अंगावरही तेच विषाणू सापडले. चिंकारा काही गोठ्यात बांधलेला नसतो. रोगच त्याच्याकडे चालत गेला.

दुसरा रोग 'निळ्या जिभेचा'. मेंढीची जीभ सुजते, निळी पडते, तोंडाला फेस येतो, खूर दुखू लागतात. भारतात त्याची पहिली नोंद झाली १९६४ साली, आणि तीही आपल्या महाराष्ट्रातल्याच शेळ्यामेंढ्यांत. हा रोग पसरवते ते एक इवलेसे चिलट, ज्याला आमच्याकडे मुरकुट म्हणतात. मच्छरदाणीच्या भोकातूनही ते आत येते. त्याची अळी वाढते चिखलात, विशेषतः जनावरांचे शेण मिसळलेल्या काठावरच्या चिखलात. अमेरिकेत याच जातीची चिलटे हरणांत रक्तस्रावाचा एक भयंकर रोग पसरवतात. १९५५ साली न्यू जर्सी संस्थानात तो ओळखला गेला. पावसाने ओढ दिली की तळी आटतात, चिखल उघडा पडतो, हरणे उरल्यासुरल्या पाण्याकडे धावतात आणि पाण्याच्या काठीच मरून पडतात. तेथे पहिले कडक दहिवर पडले की चिलटे मरतात आणि साथ थांबते. आमच्या चंद्रपुरात दहिवराची वाट पाहत बसणाऱ्याला पुष्कळ बसावे लागेल.

तिसरा रोग 'सर्रा'. तो डांस नावाची मोठी माशी रक्तातून रक्तात नेते. उंट, घोडे, गुरे, हरणे, कोणालाही तो सोडत नाही. रोगी जनावराचे मांस खाल्ल्याने तो मांसाहारी प्राण्यांनाही होऊ शकतो. २००० साली ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात दहाहून अधिक वाघ या रोगाने गेले. ज्यांना हरणाची पर्वा नाही, केवळ वाघाची आहे, त्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे.

आता यावर उपाय काय? येथे तीन प्रकारचे शहाणे पुढे येतात.

पहिला म्हणतो, "निसर्ग आपले पाहून घेईल. दुबळी हरणे मरतील, सशक्त राहतील." ऐकायला हे ऋषिवाक्य वाटते. परंतु रानाच्या चारी बाजूंना गावे, रस्ते, खाणी आणि कालवे आपण ठेवले; हरणांना थोड्या पाणवठ्यांभोवती आपण गोळा केले; गावचे गुरू आणि रानचे सांबर एकाच डबक्यावर आपण आणले. इतके केल्यावर हात झटकून निसर्गाचे नाव घेणे, म्हणजे पोराला विहिरीत ढकलून त्याचे पोहणे पाहत बसणे आहे.

दुसरा म्हणतो, "फवारा मारा. यंत्राने धूर सोडा, माशी संपवा." या गृहस्थाने सबंध अरण्याला आपल्या घराची मोरी समजले आहे. जे विष चिलटाला मारते ते मधमाशीलाही मारते, चतुरालाही मारते, आणि चतुर तर चिलटे-डासच खातो. विष पाण्यात उतरले की मासा जातो, माशावर जगणारा ढीवर जातो. शिवाय पुढच्या पावसात चिलटे पुन्हा येतात. चतुर मात्र इतक्या लवकर येत नाही.

तिसरा सर्वांत धोकादायक, कारण तो सभ्य भाषेत बोलतो. तो म्हणतो, "दोष गावकऱ्यांचा आहे. गुरे हटवा, गावे हटवा, म्हणजे रान शुद्ध होईल." त्याला माझा सरळ प्रश्न आहे. गुरांना लस टोचण्याचे काम कोणाचे होते? ज्या माडिया शेतकऱ्याच्या दारी पशुवैद्य वर्षातून एकदा पोहोचतो, त्याने रोग बनवला काय? त्याचा बैल मेला तर त्याचे धानाचे बांध पडीक राहतात. कुरमाराची मेंढी मेली तर त्याच्या लेकीचे लग्न पुढे जाते. या रोगाचा पहिला बळी तोच आहे. आणि पहिल्या बळीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, हा कोठला न्याय?

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. रानातल्या हरणाला लस टोचता येत नाही. परंतु गावातल्या गाईला टोचता येते, आणि पुष्कळदा तेवढ्याने हरीण वाचते.

ही कविकल्पना नव्हे. बुळकांडीचे नाव जुन्या माणसांना आठवत असेल. तो रोग माशीने पसरत नसे, श्वासाने आणि स्पर्शाने पसरे. परंतु गावातून रानात जाण्याची त्याची वाट तीच. गुरांबरोबर रानगवे आणि हरणेही त्याने झोपवली. १९५४ साली सरकारने बुळकांडी निर्मूलनाची मोहीम देशभर हाती घेतली. गावोगाव, गोठोगोठी गुरांना लस दिली. १९९५ नंतर देशात तो रोग दिसला नाही, आणि २०११ साली साऱ्या जगातून तो नष्ट झाल्याचे जाहीर झाले. या मोहिमेत रानगव्यांच्या कळपामागे सुई घेऊन कोणी धावले नव्हते. गोठा स्वच्छ झाला आणि रान आपोआप निर्धास्त झाले. मानवजातीने पशूंचा एक रोग पृथ्वीवरून पुसून टाकला, तो असा.

लम्पीवरही लस आहे. २०२२ च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस महाराष्ट्रातल्या एक कोटीहून अधिक गाईबैलांना काही महिन्यांत टोचली गेली. म्हणजे हे काम आपल्याला जमते. फक्त घर पेटल्यावर जमते. निळ्या जिभेच्या पाच प्रकारांवर एकत्र चालणारी लसही आपल्या देशात तयार झाली आहे. सर्ऱ्यावर लस नाही. परंतु रक्त तपासून रोगी जनावर हुडकता येते, आणि त्यावर औषध आहे.

म्हणून मागणी मोठी नाही. ताडोबा, चपराळा, भामरागड, कोलामार्का या रानांच्या काठावरच्या प्रत्येक गावात, साथीची वाट न पाहता, दरवर्षी पावसाच्या आधी लसीची फेरी झाली पाहिजे. तेंदूपत्त्याचा हंगाम पाहून, बैल रिकामे असताना ती करावी. टोचल्यावर दोन दिवस दूध कमी येते, गाठ सुजते, हे गावकऱ्याला त्याच्या भाषेत, गोंडीत आणि माडियात, आधी सांगावे. म्हणजे तो गुरे रानात लपवणार नाही. गावाच्या गुरांना पाण्याची सोय गावातच करून द्यावी. रानातल्या पाणवठ्यांचे काठ दगडांनी बांधावेत, वाहून जाणारे पाणी साचू देऊ नये, म्हणजे चिलटांचा पाळणा हलणार नाही. शेणखताचे खड्डे झाकावेत.

आणि शेवटची मागणी, जिला फारसा पैसा लागत नाही: मेलेल्या हरणाची नोंद घ्या. वनरक्षकाच्या वहीत चितळाच्या मृत्यूला एक ओळ द्या. गुरे चारणारा गायकी संध्याकाळी आखरावर सांगतो, "नाल्याकाठी तीन सांबरं पडली आहेत, तोंडाला फेस आहे." त्याचे हे बोलणे कचेरीपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि त्याला बक्षीस मिळाले पाहिजे, चौकशीची नोटीस नव्हे. सिरोंच्याहून नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. उन्हाळ्यात तेवढ्या प्रवासात रक्ताचा नमुना कुजतो. चंद्रपुरात आणि गडचिरोलीत नमुना थंड ठेवून तपासण्याची जागा असली पाहिजे.

हरणे गेली तर काय होईल, हे चंद्रपूर जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. वाघाच्या हल्ल्यात तेथे दरवर्षी माणसे मरतात. मोहफुले वेचणारी बाई, सरपण आणणारा म्हातारा, गुरांमागचा पोरगा. वाघाचे ताट रिकामे झाले तर तो कोणाच्या गोठ्याकडे पाहील, हे समजायला मॅट्रिकची परीक्षासुद्धा लागत नाही. चितळाची लस म्हणजे वासराची लस, आणि वासराची लस म्हणजे त्या पोराच्या जिवाची हमी.

वाचकहो, पुढल्या सुट्टीत आपण सहकुटुंब ताडोबाला जाल. अवश्य जा. वाघ दिसो. पण परतताना फाटकाशी असलेल्या गावात दोन मिनिटे गाडी थांबवा आणि एखाद्या शेतकऱ्याला विचारा, "दादा, यंदा गुरांना सुई टोचली का हो?" हजार प्रवाशांनी हा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर द्यायला कोणाला तरी यावेच लागेल.