उजवी मार्गिका

ग्वाल्हेरच्या मराठी घरांचा आणि आग्रा-मुंबई रस्त्याचा ऋणानुबंध जुना आहे. कार्य इंदूरला असो वा नाशिकला, मोटार निघते ती याच वाटेने. पूर्वीचा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३. आता त्याचा आग्र्याकडील भाग ४४ क्रमांकात आणि शिवपुरीकडील भाग ४६ क्रमांकात मोडतो.

रस्ता दुपदरी होता तेव्हा पुढची मालमोटार ओलांडणे म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या वाटेत शिरणे असे. म्हणून ओलांडून होताच जो तो तत्काळ डावीकडे परते. ही शिस्त बहुतांशी भयापोटी होती. रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, भय ओसरले आणि त्याबरोबर परतण्याची सवयही गेली. आता कित्येक मोटारी दुभाजकाला बिलगून कोसच्या कोस धावताना आम्ही पाहतो. ‘आम्ही मर्यादेइतक्या वेगाने चाललो आहोत, मग डावीकडे का जावे?’ असा त्यांच्या चालकांचा प्रश्न असतो.

त्याचे उत्तर मागच्या गाडीपाशी आहे. उजवी वाट अडली की ती डावीकडून पुढे घुसते. आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो. त्यामुळे डावीकडून येणारे वाहन त्याच्या नजरेस, विशेषतः मालमोटारीत, सहजी पडत नाही. शिवाय सायकलस्वार, ट्रॅक्टर, बंद पडलेली वाहने असतात तीही डावीकडेच. वाट अडविणारा सुखरूप घरी पोहोचतो, जीव मात्र दुसऱ्याचा पणाला लागतो. मर्यादा मोडणाऱ्यास आवरणे हे पोलिसांचे काम आहे. ते आपण रस्त्यात आडवे राहून करू नये.

रीत सोपी आहे. आरसे पाहावेत, दिव्याने इशारा द्यावा, उजवीकडून पुढे जावे. आणि मागे पडलेली गाडी आतल्या आरशात पूर्ण दिसू लागली की पुन्हा इशारा देऊन डावीकडे यावे. ज्याला ओलांडले जात आहे त्याने वेग वाढवू नये, हे तर नियमांतच नमूद आहे.

सार्वजनिक नळावर घागर भरली की बाजूस व्हावे, हे आपल्या घरांतून कोणी शिकवावे लागत नसे. उजव्या मार्गिकेचा न्याय तोच आहे. पुढच्या प्रवासाला निघताना घरातील नव्या चालकांना वडीलधाऱ्यांनी एवढे अवश्य सांगावे, ही आमची विनंती.