चार अक्षरांचा गुंता हातानेच सुटतो

जपानी शिकणारा विद्यार्थी हिरागाना लिपी बऱ्यापैकी पार करतो आणि काताकाना या दुसऱ्या लिपीत चार अक्षरांपाशी अडतो: शि, त्सु, सो आणि न. शि आणि त्सुमध्ये दोन छोट्या रेघा नि एक लांब तिरकी. सो आणि नमध्ये छोटी रेघ एकच. तक्ता भिंतीवर लावून कितीही न्याहाळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घोळ होतोच. माझं ठाम मत आहे की नुसत्या बघण्याने तो सुटायचा नाही. त्यासाठी हातात पेन धरावं लागतं.

शि काढताना छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक येतात आणि लांब रेघ खालून सुरू होऊन उजवीकडे वर जाते. त्सुच्या छोट्या रेघा वरच्या बाजूला शेजारी शेजारी असतात आणि लांब रेघ उजवीकडे वरून निघून डावीकडे खाली उतरते. सोची लांब रेघ त्सुसारखी उतरती, नची शिसारखी चढती. हिरागानातला शि वरून खाली येऊन उजवीकडे वर वळतो, तर त्सु डावीकडून उजवीकडे जाऊन खाली उतरतो. काताकानाच्या रेघांवरून हिरागानाचं तेच अक्षर गिरवून पाहा, दिशा पक्की बसते.

दिशेला एवढं महत्त्व का, याचं उत्तर कुंचल्यात आहे. नवव्या शतकाच्या सुमारास नाराच्या मठांतले भिक्षू चिनी बौद्ध ग्रंथ वाचताना ओळींच्या मधल्या अरुंद जागेत उच्चाराच्या खुणा करत. त्यासाठी ते चिनी अक्षराचा एखादा तुकडाच उचलत, आणि त्यातूनच काताकाना घडलं. सो म्हणजे अशाच एका अक्षराच्या माथ्यावरच्या दोन रेघा. कुंचला टेकतो तिथे रेघ जाड आणि उचलतो तिथे बारीक होते. मिंचो वळणाच्या छपाईत हा फरक अजून दिसतो. पाट्यांवरच्या आणि मोबाइलवरच्या गोथिक वळणात मात्र रेघ जवळपास सारख्याच जाडीची असल्याने दिशेची ती खूण पुसट होते.

हा प्रश्न वहीपुरता नाही. जपानमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी माणसाचं नाव बँकेच्या खात्यावर काताकानात असतं. शिंदे आडनाव घ्या: शि, न, दे. पहिली दोन्ही अक्षरं या चौकडीतली. घाईत रेघांची दिशा चुकली तर वाचणाऱ्याला ते ‘त्सुसोदे’ दिसेल. पैसे पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाव खात्यावरच्या नावाशी जुळलं नाही तर रक्कम परत जाऊ शकते.

तरीही आपल्याकडच्या वर्गांत हाताने लिहिणं मागे पडतंय, आणि याचं मला वाईट वाटतं. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा पर्यायांची आहे, तिथे एक अक्षरही लिहावं लागत नाही. मोबाइलवर रोमन अक्षरं टाइप केली की काताकाना आपोआप उमटतं. मग गिरवण्यात वेळ कशाला घालवायचा, असा सूर लागतो. पण ध आणि घ आपल्या अंगवळणी पडले ते पाटीवर गिरवूनच. जपानी मुलंही पहिलीपासून रेघ कुठे थांबवायची, कुठे उडवायची, कुठे निमुळती करत सोडायची, हे शिकतात. या तीन क्रियांना तोमे, हाने आणि हाराई अशी वेगळी नावं आहेत.

सरावाला ‘शात्सु’ म्हणजे शर्ट आणि ‘पासोकोन’ म्हणजे संगणक हे शब्द उत्तम. पहिल्यात शि नि त्सु, दुसऱ्यात सो नि न एकत्र येतात. एक विनंती शिक्षकांना. वह्या गोळा करून घरी तपासू नका. उलट्या दिशेने ओढलेली रेघही कागदावर कधीकधी बरोबर दिसते. विद्यार्थी लिहीत असताना शेजारी उभं राहून त्याचा हात बघा.