सिंहांच्या निमित्ताने कुत्र्यांविषयी

सेरेंगेटीत सकाळी सहाला गाडी निघते तेव्हा अंगात स्वेटर लागतो. आफ्रिकेत, तेही विषुववृत्ताजवळ, थंडी वाजेल हे मला घरी कुणी सांगून पटले नसते. सेरोनेराजवळ एका खडकावर सिंहिणी आणि छावे ऊन खात पडले होते. एकीने जांभई दिली, की गाडीतले सगळे कॅमेरे वर! मी डॉक्टर आहे हे कळल्यापासून आमचा वाटाड्या मला ‘डाक्तारी’ म्हणत होता. त्यानेच १९९४ सालचा विषय काढला.

त्या वर्षी इथल्या सिंहांना झटके येऊ लागले. निदान झाले ‘कॅनाइन डिस्टेंपर’, म्हणजे कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार. उद्यानालगतच्या गावांतल्या पाळीव कुत्र्यांकडून तो जंगलात शिरल्याचे मानले जाते. सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश, दगावले. मग उपाय झाला तो गावांत. मुले दोरीला बांधून कुत्री आणत आणि त्यांना डिस्टेंपरबरोबर रेबीजचीही लस फुकट टोचली जाई. डिस्टेंपर त्याने पुरता थांबला नाही, कारण तो विषाणू इतर प्राण्यांतही फिरतो. पण कुत्र्यांमधला रेबीज झपाट्याने घटला आणि चावा घेतला म्हणून दवाखान्यात येणारी माणसेही कमी झाली.

हे ऐकल्यावर माझे सिंहांकडे लक्ष राहिले नाही. निघण्याआधी काही आठवड्यांपूर्वीच आमच्या वॉर्डात एक शाळकरी मुलगा आला होता. पाण्याचा पेला पाहिला तरी घसा आवळायचा, पंख्याचा वारा सोसवत नव्हता. दोन महिन्यांपूर्वी पिल्लू चावले होते. जखमेवर मिरचीपूड लावली होती. ‘डॉक्टरसाहेब, पिल्लूच होतं हो,’ एवढेच त्याची आई म्हणत राहिली. लक्षणे सुरू झाल्यावर आमच्या हातात जवळजवळ काही नसते.

चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी लस घ्या, खोल जखम असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही, हे मी वर्षानुवर्षे सांगतो आणि सांगत राहीन. पण आपण सगळा जोर चावा झाल्यानंतरच्या सुयांवर लावतो, याला माझा आक्षेप आहे. साठ-सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, तर साखळी तिथेच तुटते. आपल्याकडे माणसाचे इंजेक्शन आरोग्य खात्याचे, पाळीव कुत्रे पशुसंवर्धनचे आणि रस्त्यावरचे नगरपालिकेचे. मुलगा मात्र एकच असतो.

‘टांझानियातल्या कुत्र्यांना मालक असतात, आपली मोकाट, कोण धरणार?’ असे एक सहकारी म्हणाले. प्रश्न रास्त आहे. पण शेजारच्या गोव्यात जाळ्या घेतलेली पथके गल्लोगल्ली फिरली, मोकाट कुत्र्यांनाही लस दिली. सलग तीन वर्षे तिथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये राज्य ‘रेबीज-नियंत्रित’ जाहीर झाले. त्याच वर्षी केंद्राने २०३० पर्यंत देशातून कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा आराखडाही आणला.

परतल्यावर पहिल्याच सोमवारी ओपीडीबाहेर चाव्यांची रांग होती. त्यातल्या तिघांना एकाच गल्लीतले कुत्रे चावले होते. त्या गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांना लस द्यावी म्हणून नगरपालिकेला फोन लावला. त्यांनी लेखी अर्ज मागितला आहे.