ज्या करावर कलमं लागली, तोच कर आता गड्याच्या पगारातून

मंडळी, आज मोहोराची आणि तुडतुड्यांची नोंद नाही. ती उद्या टाकतो, वरच्या बागेतली फवारणी अजून अर्धी राहिलीय. आजची नोंद पगाराच्या वहीची आहे. वाचून काहींना राग येईल. येऊ दे.

गेल्या हंगामाच्या शेवटी आम्ही बेळगावला दुकान घेतलं. आंबा घाट चढून कोल्हापूर, निपाणी आणि पुढे बेळगाव. हंगामात हापूसच्या पेट्या, बाकी वर्षभर पल्प, आंबावडी, कोकम आगळ आणि काजू. दोन मुलं तिथलीच ठेवली, पगार प्रत्येकी १५,०००. गाळा मिळाला, पाटी लागली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आता पगारावरच्या कराची नोंदणी तिकडे पण करावी लागेल हां. राज्य बदललं ना."

मी म्हटलं, आमची रत्नागिरीची नोंदणी आहे की. पण ती तिथे चालत नाही. माणूस ज्या राज्यात काम करतो, त्या राज्याचा कायदा. जीएसटी नंबरचं पण तेच. आपला २७ ने सुरू होतो, कर्नाटकातला २९ ने. एकच मालक, एकच पॅन, पण नंबर दोन.

एका सल्लागाराकडे गेलो. दोन्हीकडचं मिळून १२,००० सांगितले. कशाचे, विचारलं, तर म्हणाला, "फी असते, धावपळ असते." सरकारी फी आपल्या राज्यात या नोंदणीला शून्य आहे. अर्ज ऑनलाइन असतो. पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, जागेचा पुरावा, कामावरच्या माणसांची यादी आणि पगार, एवढंच लागतं. भाचीने एका संध्याकाळी लॅपटॉपवर भरून दाखवला. तेव्हा पहिलं सांगणं हे की, या कामासाठी पाच आकडी पैसे कुणाला देऊ नका.

ज्यांना हा कर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्यवसाय कर, पगाराच्या कागदावर 'पी.टी.' लिहून कापतात तो. त्याचे दोन दाखले असतात आणि लोक कायम घोळ घालतात. मालकाने स्वतःच्या धंद्यासाठी भरायचा तो पीटीईसी, आपल्या राज्यात वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. कामगाराच्या पगारातून कापून भरायचा तो पीटीआरसी. पगार कराच्या टप्प्यात आला की ३० दिवसांत हा दुसरा दाखला मागायचा, नाहीतर दिवसाला ५ रुपये दंड. आणि कापलात काय, न कापलात काय, सरकारला भरायची जबाबदारी मालकाचीच. मी कापला नाही म्हणून सुटलो, असं होत नाही.

नुसता आंबा पिकवून दलालाला पेटी देणाऱ्याची गोष्ट वेगळी. तोडीला महिनाभर येणाऱ्या गड्याचीही वेगळी, तात्पुरत्या कामावरच्या माणसाला कायद्यानेच बाहेर ठेवलंय. पण पॅकिंग शेड आली, बाटली-लेबल आलं, बारा महिने पगारावर माणूस आला, की तुम्ही त्या यादीत आलात. आमचा राखणीला असलेला नेपाळचा गडी बारमाही पगारावर आहे, तोही आला. देश कुठला हे कर विचारत नाही. काम महाराष्ट्रात आहे ना, बास.

आता मुद्द्यावर येतो.

बेळगावच्या मुलांचे दरमहा २०० रुपये कापायचे, असं मी मनात धरूनच गेलो होतो. तिथला हिशेबनीस वही बघून म्हणाला, "मालक, ह्यांचं काही कापू नका. आमच्याकडे २५,०००च्या आत काही नाही." मला खरं वाटेना. परत विचारलं. पूर्वी तिथे ही मर्यादा १५,००० होती, एप्रिल २०२३ पासून २५,००० केली. माझ्या स्वतःच्या नावाचा कर तेवढा तिथे वेगळा, तो ३० एप्रिलच्या आत भरायचा. मुलांचा शून्य.

परत येताना घाटात गाडी चालवत मी आपला हिशेब करत होतो. शेडमधला आमचा पेट्या भरणारा मुलगा, रोज ५०० प्रमाणे २६ दिवस, महिना १३,०००. महाराष्ट्रात पुरुषाला ७,५०० पर्यंत माफी. त्यापुढे १०,००० पर्यंत १७५ रुपये. १०,०००च्या वर २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, वर्षाचे २,५००. बेळगावचा १५,०००वाला भरतो शून्य. रत्नागिरीचा १३,०००वाला भरतो अडीच हजार. पेटी तीच, आंबा तोच. मालकही तोच.

ही ७,५०० ची मर्यादा जुलै २०१४ पासून आहे. त्या साली पेटीचं लाकूड कितीला मिळत होतं, औषधाचा डबा कितीला मिळत होता, आठवा जरा. आज ७,५०० पगारात महिनाभर राबणारा धडधाकट पुरुष मला तालुक्यात एक दाखवा. म्हणजे मर्यादा फक्त कागदावर उरली. पगारावर असलेला प्रत्येक पुरुष गडी पूर्ण २,५०० भरतो.

बायकांच्या बाबतीत सरकारने डोळे उघडले. २०२३च्या अर्थसंकल्पात त्यांची मर्यादा १०,००० वरून २५,००० केली. चांगलं केलं, शंभर वेळा चांगलं केलं. आमच्या शेडमध्ये चार बायका आहेत, रोज ४०० प्रमाणे त्यांचे १०,४०० होतात. पूर्वी त्यांचेही २०० कापायला लागायचे, आता नाही. पण मग त्याच बाकावर बसून तेच काम करणाऱ्या पुरुषाचं काय?

आणि वरचं टोक बघा. या कराला घटनेतच झाकण आहे. कलम २७६ प्रमाणे एका माणसाकडून एका राज्याला वर्षाला २,५०० च्या वर घेता येत नाही. आधी हे झाकण २५० रुपयांचं होतं, १९८८ साली घटना दुरुस्त करून २,५०० केलं. झाकण असणं वाईट नाही. पण त्यामुळे लाखभर पगाराचा साहेब पण २,५०० आणि आमचा पेट्या भरणारा पण २,५००. बारा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला केंद्राचा आयकर आता नव्या पद्धतीत लागत नाही. १३,०००वाल्याला राज्याचा कर लागतो. हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, दोनशे रुपयांनी काय होतं? त्याला माझं उत्तर, पाच दिवस होतात. २,५०० म्हणजे त्याची पाच दिवसांची मजुरी. गौरी-गणपतीला तो जे पाच दिवस बिनपगारी घरी राहतो, तेवढी.

आता मला खरं जे टोचतं ते सांगतो.

हा कर आला १ एप्रिल १९७५ पासून. का आला? १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्या काळात उभी राहिली. तिला पैसा पाहिजे होता. शहरात पगार घेणाऱ्याने, धंदा करणाऱ्याने महिन्याला थोडे पैसे द्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे आणि त्यातून खेड्यातल्या हाताला काम द्यायचं. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मुंबईतल्या कारकुनाने खेड्यातल्या मजुरासाठी दिलेला पैसा होता हा. याच्याइतका सरळ मनाचा कर मला दुसरा माहीत नाही.

१९९० मध्ये त्याच रोजगार हमीतून फळबाग योजना आली. कोकणातला निम्मा कातळ त्यानंतर हिरवा झाला, असं म्हटलं तर थोडंच जास्त होईल. आमच्या वडिलांनी त्या योजनेत वरच्या सड्यावर कलमं लावली. सुरुंग लावून खड्डे काढले, खालून टोपलीने माती वाहून आणली. आपल्याच जमिनीत काम करायचं आणि हजेरी लागायची. त्या मस्टरवर वडिलांच्या खाली माझं नाव आहे. दहावी पास होऊन घरी बसलेला मुलगा होतो मी. पहिली मजुरी मला त्या कागदावर सही करून मिळाली. मुंबईच्या कुठल्या तरी ऑफिसात कुणाचे तरी पैसे कापले गेले असतील, तेव्हा माझ्या हातात ती मजुरी पडली.

त्याच कलमांचा आंबा आज शेडमध्ये येतो. त्या आंब्याच्या पेट्या भरणारा मुलगा माझ्यापुढे वही धरून विचारतो, "काका, हे दोनशे कसले कापलेत?" मी काय सांगू त्याला? तुझ्यासारख्यासाठी आणलेला कर होता, तो आता तुझ्याकडूनच घेतो?

कर बंद करा असं मी म्हणत नाही. मालकांचे २,५०० घ्या. मोठ्या पगाराचे घ्या. दिल्ली, राजस्थान, उत्तर प्रदेशात हा कर नाही, म्हणून आपल्याकडेही नको, असलं रडगाणं मला गायचं नाही. ज्या कराने माझी बाग उभी राहिली, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पुरुषाची मर्यादाही २५,००० करा. शेजारच्या राज्याने सगळ्यांसाठी केली, आपण बायकांसाठी केली. आता अर्धंच राहिलंय.

दुसरं भांडण आपल्यातल्याच लोकांशी आहे. मला दोन-तीन बागायतदारांनी सांगितलं, "कशाला नोंदणीच्या भानगडीत पडतोस? माणसं रोखीवर ठेव, वहीत नाव नको. बेळगावचं दुकान तिथल्याच कुणाच्या नावावर टाक." हा सल्ला हुशारीचा वाटतो. पण वहीत नाव नाही म्हणजे तो माणूस कामाला होता याचा पुरावा नाही. उद्या झेला घेऊन झाडावर चढलेला गडी पडला, तर भरपाई मागताना तो पगार काय दाखवणार? दुकान दुसऱ्याच्या नावावर म्हणजे उधारी, माल, नाव सगळं त्याचं. दोनशे रुपये वाचवायला माणूसच पुसून टाकायचा? मी त्या मस्टरवर नाव नसतो तर मजुरी मिळाली असती का?

शेतकी अधिकारी आणि विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांनाही एक विनंती. तुम्ही आम्हाला प्रक्रिया करा, ब्रँड करा, थेट विका, परराज्यात जा म्हणता. प्रशिक्षणात पल्पचा ब्रिक्स शिकवता, बाटली निर्जंतुक करायला शिकवता. तीन दिवसांच्या वर्गात अर्धा तास पगाराच्या वहीला द्या. कुठल्या राज्यात हा कर राज्य सरकार घेतं, कुठे स्थानिक संस्था, एवढं सांगितलं तरी पुरे. गुजरातेत गेलात तर तिथे ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका गोळा करतात आणि १२,०००च्या आत माफी आहे. तमिळनाडू, केरळात स्थानिक संस्थाच, पण सहा महिन्यांनी. हे मला बेळगावला ठेच लागल्यावर शोधावं लागलं.

तारखांचं पण बोलायला हवं. छोट्या मालकाचं वर्षाचं विवरणपत्र ३१ मार्चच्या आत भरायचं. ३१ मार्च म्हणजे आमची पहिली मोठी तोड. त्या आठवड्यात मला माझं नाव विचारलंत तर सांगता येणार नाही. एका वर्षी चुकलं, माझीच चूक. उशीर महिन्याच्या आत असता तर २०० शुल्क होतं, त्यापुढे १,०००. मी मेअखेर आंबा संपल्यावर जागा झालो, हजार गेले. सरकारने कोकणाला वेगळी तारीख द्यावी असं म्हटलं तर लोक हसतील, पण फेब्रुवारीचा पगार दिला की लगेच मार्चच्या पहिल्या आठवड्यात बसून भरून टाका. मोहोराची फळं अजून सुपारीएवढी असतात, वेळ मिळतो.

मर्यादेबद्दलचं पत्र लिहून ठेवलंय. एक आमदारांना, एक वित्त विभागाला, मार्चमधल्या अर्थसंकल्पाच्या आधी पोचायला हवं. मालकांच्या सह्या चालतील, पण शेडमधल्या मुलांच्या सह्या जास्त हव्यात. त्यांना घेऊनच या. संध्याकाळी पाचनंतर शेडवर असतो. सकाळी येऊ नका, वरच्या बागेत पंप चालू असतो, हाक ऐकू येत नाही.