प्रजेला विचारायचे राहून गेले

टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात तिच्यावर तीन चित्रपट काढले आणि शेवटच्याला ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली. हे यश रास्तच आहे. परंतु अज्ञातवासातला राजवंशज सिंहासन परत मिळवतो, या कथेच्या कण्यालाच पटकथेने जो हात लावला, त्याची चिकित्सा व्हावयास हवी.

कादंबरीतील अ‍ॅरागॉर्नला आपल्या हक्काविषयी तिळमात्र संकोच नाही. पूर्वजाच्या तुटलेल्या तलवारीचे तुकडे तो भर सभेत पुढे ठेवतो आणि ती सांधून घेऊनच मोहिमेवर निघतो. चित्रपटातील अ‍ॅरागॉर्न राज्यपदापासून दूर पळणारा. पूर्वजाचा दुबळेपणा आपल्याही रक्तात असेल, या धास्तीने ग्रासलेला. त्याची तलवार सांधली जाते ती तिसऱ्या चित्रपटात. कारण उघड आहे. जन्मसिद्ध हक्क ठणकावून सांगणारा नायक आजच्या प्रेक्षकाला खटकतो, नको नको म्हणणारा भावतो. मात्र तेवढ्याने हक्काचा पाया बदलत नाही. तो रक्ताचाच राहतो. त्याच्यावर विनयाची शाल तेवढी पांघरली जाते.

ती पांघरताना एक मोलाची गोष्ट गळून पडली. कादंबरीत लढाई जिंकल्यावरही अ‍ॅरागॉर्न राजा म्हणून राजधानीत शिरत नाही; वेशीबाहेर तळ ठोकतो. रात्री तो आत येतो तो जखमींच्या शुश्रूषेसाठी, आणि राजा परतल्याची कुजबुज पसरते ती त्याच्या हाताला गुण आहे म्हणून. पुढे राज्याभिषेकाच्या दिवशी राज्याचा कारभारी फारामिर वेशीपाशी जमलेल्या लोकांना, याने राजा होऊन नगरात यावे काय, असे विचारतो. लोकांनी होकार दिल्यावर मुकुट चढतो.

विजयी सेनापतीला नकार कोण देणार, असे कोणी म्हणेल. पण हजार वर्षांपूर्वी अ‍ॅरागॉर्नच्याच पूर्वजाने, आर्वेदुईने, याच सिंहासनावर सांगितलेला हक्क गॉन्डोरच्या मंडळाने फेटाळला होता, अशी नोंद कादंबरीच्या परिशिष्टात आहे. टॉल्किन काही लोकशाहीचे भाट नव्हते. तरी राजवंशजाला ‘नाही’ म्हणता येते, हे त्यांच्या इतिहासात बसते.

चित्रपटात फारामिर अभिषेकाला हजर आहे. प्रश्न मात्र नाही. सुमारे तीन तास वीस मिनिटांच्या चित्रपटात एका वाक्याला जागा नव्हती, ही सबब टिकणारी नव्हे. शुश्रूषेचा प्रसंगही चित्रगृहातील आवृत्तीतून वगळलेला; नंतरच्या विस्तारित आवृत्तीत तो ओझरता येतो. हक्काला हरकत घेणारा डेनेथॉर तेवढा उरतो. कादंबरीत हा करारी, दूरदृष्टीचा शासक अखेरीस खचतो. चित्रपटात तो आरंभापासूनच भ्रमिष्ट, त्यामुळे हरकत घेणे म्हणजेच वेडेपणा ठरतो.

अभिषेकानंतर चित्रपटातील राजा चार बुटक्या हॉबिटांपुढे मान लववतो आणि सारा समुदाय गुडघे टेकतो. दृश्य हृद्य आहे. तेथे जमलेल्यांपैकी कोणालाही काही विचारलेले नाही.